वर्ण, जनुक आणि मेलॅनोमा : एका समीकरणाची चिकित्सा

मानवी त्वचेच्या वर्णाचा अनुवंश आणि मेलॅनोमा हा घातक कर्करोग होण्याचा धोका, यांचा संबंध आजवर इतक्या वेळा सांगितला गेला आहे की त्याला जवळजवळ सूत्राचे रूप आले आहे. त्वचा जितकी गौर तितका धोका अधिक, जितकी सावळी तितका कमी, हे ते सूत्र. त्याला आधार नाही असे कोणी म्हणणार नाही. सिडनीचे एच. ओ. लँकेस्टर यांनी १९५६ साली युरोपीय वंशाच्या लोकांतील मेलॅनोमाच्या मृत्यूंची भौगोलिक मांडणी केली, तेव्हा विषुववृत्ताकडे जावे तसे हे मृत्यू वाढत जातात असे दिसून आले. उत्तर युरोपातील थंड उन्हाला सरावलेली त्वचा क्वीन्सलंडच्या उन्हात नेली की काय होते, याचा तो पुरावा होता. २०२० सालच्या जागतिक अंदाजांतही ऑस्ट्रेलियात वयाचा फरक जमेस धरून दर लाखी ३५ हून अधिक नवे रुग्ण आढळतात. भारतात हा आकडा एकाच्याही खाली आहे.

तथापि सूत्र जितके सुटसुटीत, तितकी त्याच्या पोटात दडलेली गृहीते तपासण्याची गरज अधिक. या सूत्रात तीन स्वतंत्र विधाने एकत्र बांधलेली आहेत. पहिले असे की त्वचेचा वर्ण ही एकाच मापाने मोजता येणारी राशी आहे. दुसरे असे की वर्णाची जनुके रोगाचा धोका वाढवतात ती केवळ वर्णाच्या द्वारे. तिसरे असे की एका मानवसमूहात आणि रोगाच्या एका प्रकारात जे आढळले ते सर्व समूहांना व सर्व प्रकारांना लागू पडते. ही तिन्ही विधाने एकामागून एक तपासून पाहिली असता सूत्राचे क्षेत्र बरेच आकुंचित होते, आणि ते क्षेत्र न सांगता सूत्र शिकवण्याची किंमत प्रत्यक्ष रुग्णांना मोजावी लागते, हे दाखवणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

१. मोजमापाचा प्रश्न

कोणत्याही गुणाचा अनुवंश सांगावयाचा तर आधी तो गुण मोजता आला पाहिजे. वर्णाच्या बाबतीत या पहिल्याच पायरीवर अडखळण्याचा इतिहास मोठा आहे. चार्ल्स डॅव्हेनपोर्ट यांचा १९१३ सालचा प्रबंध हा या विषयातील आरंभीचा मोठा प्रयत्न. बर्म्यूडा व जमैका येथील मिश्र कुटुंबांची मोजमापे त्यांच्या सहकारी फ्लॉरेन्स डॅनियलसन यांनी गोळा केली. साधन होते रंगीत चकत्यांचा भोवरा. काळी, पांढरी, तांबडी व पिवळी अशा चकत्या एकमेकींत सरकवून भोवरा फिरवावयाचा, फिरताना दिसणारा रंग माणसाच्या त्वचेशी जुळवावयाचा, आणि काळ्या चकतीचा जो शेकडा भाग उघडा राहील तो त्या माणसाचा काळेपणा समजावयाचा, अशी ही रीत. या आकड्यांवरून डॅव्हेनपोर्ट यांनी वर्ण हा जनुकांच्या दोन जोड्यांचा खेळ आहे असा निष्कर्ष काढला.

दोन जोड्या मानल्या की वर्णाचे पाच वर्ग पडतात. परंतु मोजलेले आकडे तर सलग होते. त्यांत पाच पायऱ्या निसर्गाने आखलेल्या नव्हत्या. सिद्धांताला पाच वर्ग हवे होते म्हणून आकड्यांच्या सलग रांगेत पाच वर्ग पाडले गेले, आणि मग त्याच वर्गांनी सिद्धांत सिद्ध झाला असे मानले गेले. डॅव्हेनपोर्ट हे अमेरिकेतील सुप्रजननवादाचे अग्रणी होते, ही गोष्ट येथे केवळ चरित्राची नव्हे. माणसांचे ठळक वर्ग पडतात असे ज्याला आधीच वाटते, त्याला सलग रांगेतही वर्ग सापडतात. पुढे १९६४ साली हॅरिसन व ओवेन यांनी लिव्हरपूल येथे त्वचेवरून परावर्तित होणारा प्रकाश यंत्राने मोजला, तेव्हा जनुकांचा अंदाज तीन-चारांवर गेला. आज वर्णाशी संबंध असलेली जनुकस्थाने याहून कितीतरी अधिक माहीत आहेत. मापन सुधारले तसतशी वर्गांची कल्पना मागे पडत गेली, हा या इतिहासाचा धडा.

वैद्यकात मात्र वर्गांची कल्पना दुसऱ्या दाराने परत आली. त्वचाप्रकारांची जी मोजपट्टी आज जगभर वापरली जाते ती टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली मांडली. सोरायसिसच्या रुग्णांना औषधासह अतिनील किरणांचा उपचार देताना मात्रा किती ठेवावी, हा तिचा मूळ प्रश्न होता. प्रारंभी ही मात्रा रुग्णाच्या केसांच्या व डोळ्यांच्या रंगावरून ठरवीत. परंतु काळ्या केसांचे, गडद डोळ्यांचे काही रुग्णही त्या मात्रेने भाजून निघाले. म्हणून रंग पाहणे सोडून उन्हात त्वचा भाजते की रापते, हे रुग्णालाच विचारावे असे ठरले. अर्थात ही मोजपट्टी जन्माला आली तीच दिसणारा रंग फसवा ठरला म्हणून.

आरंभी तिच्यात चारच प्रकार होते आणि ते गौरवर्णीयांपुरते होते. तपकिरी व काळ्या त्वचेसाठी पाचवा आणि सहावा प्रकार नंतर जोडले गेले, व १९८८ साली सहा प्रकारांची पूर्ण पट्टी प्रसिद्ध झाली. या दोन प्रकारांची ओळख मात्र मुख्यतः वर्णावरूनच पटवली गेली. म्हणजे एकाच पट्टीच्या वरच्या टोकाला त्वचा उन्हात कशी वागते हे मोजले जाते, तर खालच्या टोकाला ती कशी दिसते हे नोंदले जाते. अशा पट्टीवर धोक्याचा आलेख काढला तर त्याच्या आडव्या अक्षावर नेमकी कोणती राशी आहे, या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही.

२. जनुक आणि वर्ण यांतील अंतर

दुसऱ्या विधानाची कसोटी ज्या जनुकावर उत्तम लागते ते सोळाव्या गुणसूत्रावरील एमसी१आर. हे जनुक रंजकपेशीच्या पृष्ठभागावरील एका ग्राहक प्रथिनाचा आराखडा देते. बाहेरून आलेला संप्रेरकाचा संकेत या ग्राहकाने नीट घेतला तर पेशी गडद युमेलॅनिन तयार करते. ग्राहक दुबळा असला तर लालसर-पिवळे फिओमेलॅनिन अधिक होते. तांबडे केस, उन्हात न रापणारी त्वचा व तपकिरी ठिपके यांच्याशी या जनुकाच्या भेदांचा संबंध १९९५ साली वाल्वर्डे, रीस व त्यांचे सहकारी यांनी दाखवला, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी मेलॅनोमाशीही तो जोडला. साखळी सरळ दिसत होती: जनुकाने वर्ण ठरतो, वर्णाने धोका ठरतो.

या साखळीतील मधली कडी खरोखरच आवश्यक आहे काय, हा प्रश्न क्वीन्सलंडमधील पामर व सहकाऱ्यांनी २००० साली थेट विचारला. या जनुकाच्या तीन प्रभावी भेदांपैकी जो जो आणखी एक अंगी असेल त्या त्या प्रमाणात धोका दुप्पट होतो, असे त्यांना आढळले. मग त्यांनी वर्णानुसार गट पाडले. फिकट त्वचेच्या लोकांत जनुकभेदांचा आणि रोगाचा संबंध दिसेनासा झाला. मध्यम व सावळ्या वर्णाच्या लोकांत मात्र तो टिकून राहिला. याचा अर्थ असा की जनुकाचा काही परिणाम वर्णाच्या वाटेने होतो. परंतु ज्याची त्वचा सावळी दिसते त्याच्याही अंगी असा भेद असला, तर सावळेपणापासून अपेक्षित असलेले संरक्षण तो काढून घेऊ शकतो. त्वचा पाहून हे कळत नाही. येथे वर्ण ही कारणाची खूण आहे, कारण नव्हे; आणि खूण कधी कधी चुकते.

याला पेशींच्या पातळीवरचा दुजोरा २०१६ साली मिळाला. रोब्लेस-एस्पिनोसा व सहकाऱ्यांनी ४०५ रुग्णांच्या गाठींतील जनुकद्रव्य तपासले, तेव्हा एमसी१आरचा प्रत्येक प्रभावी भेद गाठीत सूर्यकिरणांशी निगडित प्रकारच्या उत्परिवर्तनांत सुमारे ४२ टक्क्यांची भर घालतो, म्हणजे २१ वर्षे वय वाढण्याइतकी, असे दिसले. ही वाढ एकच भेद असलेल्यांतही होती, आणि असे बहुतेक लोक तांबड्या केसांचे नसतात.

याच्याही पुढे जाणारा प्रयोग डेव्हिड फिशर यांच्या बोस्टन येथील प्रयोगशाळेत झाला व २०१२ साली प्रसिद्ध झाला. मेलॅनोमात नेहमी आढळणारे एक उत्परिवर्तन काळ्या, तांबड्या व पांढऱ्या उंदरांत घडवून आणले आणि त्यांना अतिनील किरणांपासून दूर ठेवले. तरीही तांबड्या उंदरांत मेलॅनोमाचे प्रमाण मोठे निघाले. त्याच तांबड्या उंदरांची रंगद्रव्य तयार करण्याची शक्तीच नाहीशी केली, तेव्हा धोका उतरला. फिओमेलॅनिन तयार होण्याची क्रियाच पेशीला अपाय करीत असावी, असे अनुमान यातून निघाले. मात्र या प्रयोगावर फार भार टाकणे योग्य नव्हे. उंदराच्या रंजकपेशी बहुतांशी केसांच्या मुळाशी असतात, माणसाच्या त्वचेच्या वरच्या थरात. आणि ज्या उत्परिवर्तनापासून प्रयोगाची सुरुवात झाली ते माणसात आपोआप घडावे लागते. ‘उन्हाची गरजच नाही’ असा निष्कर्ष त्यातून काढणे ही अतिशयोक्ती होईल. ‘रंगद्रव्य किती’ यापेक्षा ‘रंगद्रव्य कोणते’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, एवढे मात्र त्याने पटवून दिले.

३. वर्णहीनतेची साक्ष

वर्ण हेच कारण असते तर ज्यांच्या त्वचेत मेलॅनिन जवळजवळ नाहीच, त्यांना मेलॅनोमाचा उपद्रव सर्वांत अधिक व्हावयास हवा होता. आफ्रिकेतील जन्मजात वर्णहीन लोक ही या विधानाची कठोर परीक्षा होय. तेथे या स्थितीचे एक मुख्य कारण ओसीए२ या जनुकातील एका तुकड्याचा लोप हे आहे. या लोकांच्या त्वचेत रंजकपेशी असतात. त्या मेलॅनिन तयार करू शकत नाहीत एवढेच. उष्ण कटिबंधाच्या उन्हात त्यांची त्वचा तरुणपणीच जर्जर होते आणि त्यांपैकी अनेकांना त्वचेचा कर्करोग होतो. परंतु हा कर्करोग बहुतांशी त्वचेच्या आच्छादक पेशींचा असतो. रंजकपेशींचा, म्हणजे मेलॅनोमा, त्यांच्यात विरळ आढळतो.

या साक्षीचीही उलटतपासणी केली पाहिजे. आच्छादक पेशींच्या कर्करोगाने माणूस लवकर दगावला तर मेलॅनोमा होण्याचे वय त्याला लाभत नाही. आणि रंगहीन मेलॅनोमा ओळखण्यासही अवघड असतो. ही सूट दिली तरी ‘उणे मेलॅनिन म्हणजे अधिक मेलॅनोमा’ हे समीकरण जसेच्या तसे उभे राहत नाही. सूर्यापासून होणारी हानी आणि मेलॅनोमा या दोन गोष्टी जवळच्या आहेत, एक नव्हेत.

४. अंश आणि छेद

तिसरे विधान, म्हणजे सूत्राची सार्वत्रिकता, सर्वांत अधिक घातक आहे. कारण येथील चूक केवळ तर्काची राहत नाही. तळपाय, तळहात व नखाखालची जागा येथे होणारा मेलॅनोमा हा वेगळा प्रकार म्हणून रिचर्ड रीड यांनी १९७६ साली नोंदला. सूर्याशी त्याचा संबंध जवळजवळ नाही. २००५ साली कर्टिन व सहकाऱ्यांनी आणि २०१७ साली हेवर्ड व सहकाऱ्यांनी गाठींतील जनुकद्रव्याची तपासणी केली. उघड्या त्वचेवरील मेलॅनोमात अतिनील किरणांच्या खुणा असलेली असंख्य बारीक उत्परिवर्तने आढळतात. तळपायाच्या मेलॅनोमात ती थोडी असतात, आणि गुणसूत्रांचे मोठमोठे भाग तुटणे, जोडले जाणे वा अनेकपट होणे हेच प्रमुख असते. नाव एक असले तरी कारणपरंपरा दोन आहेत.

सावळ्या वर्णाच्या लोकांना हा प्रकार विशेषेकरून होतो, असे वारंवार म्हटले जाते. या वाक्यातील गफलत उलगडून पाहण्यासारखी आहे. अमेरिकेतील १९८६ ते २००५ या काळातील नोंदींचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार मेलॅनोमाच्या सर्व रुग्णांत या प्रकाराचा वाटा कृष्णवर्णीयांत ३६ टक्के, तर गौरवर्णीयांत केवळ १ टक्का होता. आकडे पाहून कोणालाही वाटेल की कृष्णवर्णीयांत हा रोग छत्तीसपट अधिक आहे. वस्तुतः दर दहा लाख लोकांमागे दर वर्षी नवे रुग्ण किती, हे पाहिले तर दोन्ही समूहांत तो दर जवळजवळ सारखाच, म्हणजे दोनाच्या आत आहे. शेकडेवारी वाढली ती अंश वाढला म्हणून नव्हे, तर छेद घटला म्हणून. सावळ्या त्वचेने सूर्यजन्य मेलॅनोमा मोठ्या प्रमाणावर टाळला. तळपायाच्या मेलॅनोमापुढे तिचे काही चालले नाही, एवढाच या आकड्यांचा अर्थ.

यातून दोन परस्परविरुद्ध चुका संभवतात. शेकडेवारीलाच दर समजणारा सावळ्या माणसात नसलेली आनुवंशिक दुर्बलता शोधू लागतो. सूत्रावर विसंबणारा उलट सावळ्या माणसाला धोका नाहीच असे समजतो. दुसरी चूक रोजच्या व्यवहारातील आहे. जमैकाचे गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्यावरील व्रण १९७७ साली आधी फुटबॉल खेळताना झालेली इजा समजला गेला. तो मेलॅनोमा होता, आणि १९८१ साली वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांना मृत्यू आला. अमेरिकेत आजही मेलॅनोमाचे निदान झाल्यावर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण गौरवर्णीयांत ९० टक्क्यांहून अधिक, तर कृष्णवर्णीयांत सुमारे ७० टक्के आहे. या तफावतीची कारणे अनेक आहेत. उपचार मिळण्यातील विषमता हे त्यांतील एक. परंतु निदान उशिरा होणे हेही त्यांपैकीच, आणि ज्या रोगाची शंकाच घ्यावयाची नाही असे शिकवलेले असते त्याचे निदान वेळेवर होणे कठीण.

भारतातही मेलॅनोमा मुख्यतः ज्या जागी आढळतो त्यांत तळपाय प्रमुख आहे. तळपायावरचा काळा डाग कुरूप किंवा भोवरी समजला जातो, नखाखालची काळी रेघ साकळलेले रक्त समजली जाते, आणि रुग्ण महिनोन्‌महिने घरगुती इलाजावर राहतो. येथे अज्ञान एकट्या रुग्णाचे नसते. ‘आपल्याकडे हा रोग नाही’ हे वाक्य शिकलेल्यांनी शिकलेल्यांना सांगितलेले असते.

५. गुणांकांची आयात

अलीकडे या जुन्या सूत्राने नवा वेष घेतला आहे. एकेका जनुकाऐवजी अनेक जनुकस्थानांची बेरीज करून व्यक्तीच्या धोक्याचा गुणांक काढण्याची पद्धत रूढ होत आहे. लँडी व सहकाऱ्यांनी २०२० साली ३६,७६० रुग्ण आणि ३,७५,१८८ इतर व्यक्ती यांची तुलना करून मेलॅनोमाशी निगडित ५४ जनुकस्थाने दाखवली. हे काम मोलाचे आहे. परंतु त्यातील व्यक्ती जवळजवळ सर्वच युरोपीय वंशाच्या आहेत, आणि स्थानांपैकी बरीच वर्णाची वा तिळांच्या संख्येची आहेत. असा गुणांक भारतीय व्यक्तीला लावला तर त्यातून काय कळेल?

याचे उत्तर एसएलसी२४ए५ या जनुकाच्या उदाहरणाने देता येते. झेब्राफिश या लहान माशाच्या एका फिकट वाणावरून या जनुकाचा शोध २००५ साली लागला. त्यातील एक भेद युरोपीय व आफ्रिकी वर्णांतील अंतराचा सुमारे २५ ते ३८ टक्के भाग समजावून देतो. युरोपात तो जवळजवळ प्रत्येकाच्या अंगी आहे. म्हणून दोन युरोपीय व्यक्तींच्या वर्णात वा धोक्यात फरक का, हे त्याच्यावरून सांगता येत नाही. भारतात स्थिती निराळी आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार हाच भेद, त्याच मूळ उगमाचा, दक्षिण आशियात दूरवर पसरलेला आहे. पण त्याचे प्रमाण प्रदेशाप्रदेशांत व समाजासमाजांत बदलते, आणि येथील वर्णवैचित्र्याचा लक्षणीय भाग त्याने समजतो. उलट युरोपात धोक्याचे माप ठरणारे एमसी१आरचे प्रभावी भेद भारतात विरळ आहेत. म्हणजे भारतीयांत ज्या जनुकाने वर्ण बदलतो ते युरोपीय गुणांकात मोजलेच जात नाही, आणि युरोपीय गुणांकात ज्याला वजन आहे ते भारतीयांत क्वचितच सापडते. आफ्रिकेविषयी २०१७ साली क्रॉफर्ड व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासातही गौरत्वाचे व कृष्णत्वाचे असे दोन्ही प्रकारचे प्राचीन भेद त्या एकाच खंडात नांदताना दिसले. ‘सावळी त्वचा’ हा एक शब्द असला तरी त्याच्यामागे एकच जनुकरचना नाही.

तळपायाच्या मेलॅनोमाविषयी तर हा गुणांक मुकाच राहील. कारण ज्या रुग्णांवरून तो बांधला त्यांत तो प्रकार शेकडा एकाच्या आसपास होता. भारतीय रुग्णाला कमी गुणांक मिळेल, आणि त्या आकड्याला संगणकाची प्रतिष्ठा असल्यामुळे जुन्या सूत्रापेक्षा तो अधिक निःशंकपणे मानला जाईल.

६. सूत्राची मर्यादा

या चिकित्सेवर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. लोकारोग्याला सोपे वाक्य लागते. ‘गोऱ्या त्वचेला उन्हापासून जपा’ या वाक्याने जीव वाचले आहेत. क्वीन्सलंडमधील नँबूर येथे १९९२ ते १९९६ या काळात १,६२१ प्रौढांवर झालेला प्रयोग याची साक्ष देतो. निम्म्यांना रोज सूर्यरोधक मलम लावावयास सांगितले, उरलेल्यांना त्यांच्या मर्जीवर सोडले. पुढील दहा वर्षांचा काळ संपला तेव्हा पहिल्या गटात मेलॅनोमाचे नवे रुग्ण ११ होते, दुसऱ्यात २२. संख्या लहान असली तरी दिशा स्पष्ट आहे, आणि अनुवंशाने आलेला धोका वर्तनाने कमी करता येतो, हा त्यातील निष्कर्ष मौल्यवान आहे.

परंतु हा आक्षेप सूत्राच्या उपयोगाचे समर्थन करतो, त्याच्या सार्वत्रिकतेचे नव्हे. नँबूरच्या उन्हात, तेथील लोकांत आणि सूर्यजन्य मेलॅनोमापुरते ते वाक्य खरे आहे. तेच वाक्य तळपायाला लागू करणे म्हणजे बूट घातलेल्या पायाला छत्री देणे होय.

तेव्हा सूत्र टाकून देण्याचे कारण नाही. त्याला त्याची मर्यादा जोडून शिकवले पाहिजे. वर्ण हा सूर्यजन्य मेलॅनोमाच्या धोक्याचा एक दर्शक आहे आणि तोही अपुरा. काही जनुके वर्णाला वळसा घालूनही धोका वाढवतात. आणि रोगाचा एक प्रकार असा आहे की ज्याला वर्णाचे बंधन नाही. ही तीन वाक्ये लांबीला त्या एका सूत्राहून फारशी अधिक नाहीत. संशोधनाच्या बाजूने पाहता, तळपायाच्या मेलॅनोमाच्या आनुवंशिक कारणांचा शोध ज्या देशांत तो मुख्यतः आढळतो त्यांनीच घेणे युक्त आहे; इतरांच्या गुणांकांतून ते उत्तर येणार नाही. आणि व्यवहाराच्या बाजूने, त्वचेची तपासणी करणाऱ्याने रुग्णाला चपला काढावयास सांगून दोन्ही तळपाय व सर्व नखे पाहावीत. जो डाग वाढतो आहे, ज्याच्या कडा वाकड्यातिकड्या आहेत किंवा जो महिनाभरात बरा होत नाही, त्याला भोवरी म्हणण्यापूर्वी त्याचा नमुना तपासावयास पाठवावा.